ऑरिनच्या नोटेची पाठ

सत्तावन सालच्या ऑक्टोबरात एक डॉलरची नवी नोट आमच्या ओहायोतल्या गावात पोचली आणि पहिला वाद व्हेल्माच्या खाणावळीत, मी स्वयंपाक करते त्या तव्यासमोरच झाला. नोटेच्या पाठीवर छापलं होतं, ‘देवावर आमचा भरवसा’. पेंडीच्या दुकानाचा ड्यूई म्हणाला, त्यात नवं काय, हे पहिल्यापासूनच आहे. व्हेल्मा म्हणाली, नाण्यांवर होतं, नोटेवर कधीच नव्हतं.

ड्यूईनं खिशातली जुनी नोट काढली. तिच्यावर काहीच नव्हतं. तरी गडी हटेना. म्हणे, युद्धात शाई वाचवायला काढलं असेल, त्याआधीच्या नोटा बघा. या माणसाला हरता येत नाही, हे मी वीस वर्षं सोसते आहे.

पैज लागली. ड्यूई हरला तर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर. स्वतःच्या लग्नानंतर तो तिथं फिरकला नव्हता. जिंकला तर वर्षभर ॲपल पाय, सफरचंदाचं सारण भरलेला गोड पदार्थ, फुकट.

“वर्षभराचं नव्या मालकाला विचार,” व्हेल्मा म्हणाली.

शुक्रवारी ती खाणावळ विकणार होती. नवरा ऑरिन यंदाच्या वसंतात वारला. त्यानं तिला गल्ल्याला कधी हात लावू दिला नाही, म्हणून आपल्याला हे जमणार नाही असं तिनं मनाशी धरलं होतं. मला फार वाईट वाटत होतं, पण ऐकतंय कोण.

युद्धाआधीची नोट गावात एकच: अडतीस साली ऑरिननं कमावलेला पहिला डॉलर. गल्ल्यामागं, ‘देवावर आमचा भरवसा, बाकीच्यांनी रोख द्यावे’ या पाटीच्या वर, चौकटीत. तोंड पुढे, पाठ भिंतीकडे. ती चौकट कुणी उघडली नव्हती. व्हेल्मा जरा घुटमळली, मग तिनं सुरीनं खिळे उचकटले.

पाठीवर छापील ओळ नव्हती. कोऱ्या जागेत ऑरिनचं बारीक पेन्सिलीचं अक्षर होतं: ‘देवावर भरवसा. व्हेल्मावरही. बाकीच्यांनी रोख.’

ड्यूईनं टोपी काढली. व्हेल्मा बराच वेळ वाचत राहिली, मग ॲप्रनला डोळे पुसून हसली.

“मेल्यानं भिंतीला सांगितलं,” ती म्हणाली, “मला नाही.”

मग तिनं खाणावळ घेणाऱ्या गिऱ्हाइकाला फोन करून शुक्रवारी येऊ नका म्हणून सांगितलं, आणि नोट पुन्हा चौकटीत बसवली, पाठ पुढे करून.

“रविवारी नऊ वाजता, ड्यूई,” ती म्हणाली. “आणि आजच्या ॲपल पायचे पैसे दे.”