एक पाटी शेण

मित्रांनो, मी एक जुना गोबरगॅस आहे. पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवर, लंकाबाईंच्या स्वयंपाकघरामागे मी जमिनीत पुरलेला आहे. वर दिसतात त्या फक्त दोन कुंड्या. एकीतून मी खातो, दुसरीतून खत बाहेर टाकतो. माझं पोट विटांचं आहे, घुमटासारखं. आज ते उपाशी आहे.

माझा जन्म भाषणातून झाला नाही. गावात एकदा साहेब आले होते. तापत चाललेली पृथ्वी, तुटणारी झाडं, असं बरंच त्यांनी सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चहा घेतला आणि घरी जाऊन चुली पेटवल्या. पुढं लंकाबाईंचा उजवा डोळा गेला. डावा सांभाळायचा असेल तर धुरात बसू नका, असं नगरच्या डॉक्टरांनी बजावलं. त्याच महिन्यात त्यांच्या मुलानं, अजिनाथनं, आसाराम गवंड्याला बोलावून मला बांधून घेतलं.

सून सविता रोज सकाळी शेण पाण्यात हातानं कालवून कुंडीत सोडायची. दारात बैलजोडी होती, गाय होती. माझ्या निळ्या ज्योतीवर दोन्ही वेळच्या भाकरी व्हायच्या. शेजारच्या दगडाबाई एकदा चहाला आल्या आणि पातेलं उलटं करून बघतच बसल्या.

“लंके, बूड येवढं पांढरं? मी राखंनं घासून हाताची सालटी काढली की गं.”

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या अंगणातही घुमट झाला. मग वस्तीतल्या इतर घरांतही झाले. साहेबांच्या भाषणानं जे झालं नाही, ते पातेल्याच्या बुडानं केलं. बाहेरगावची माणसं मला पाहायला यायची, माझ्या खतावरच्या बाजरीची कणसं हातात धरून बघायची.

मग पाऊस हुकला. गाय विकावी लागली. दिवाळी झाली की अजिनाथ आणि सविता बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जाऊ लागले. मित्रांनो, माझं अन्नच गाडीला जुंपून गेलं. तिकडं कारखान्याच्या तळावर त्यांच्या कोपीपुढं, म्हणजे पाचटाच्या झोपडीपुढं, बैलांचं शेण वाळत पडतं आणि सविता तीन दगडांवर पाचट जाळून भाकरी करते. इकडं राहिलो लंकाबाई, दोन शेळ्या आणि मी.

मला उपाशी ठेवायचं नाही म्हणून लंकाबाईंनी शेळ्यांच्या लेंड्या कुंडीत टाकल्या. त्या भिजवून, चुरून टाकाव्या लागतात. सविताला ते ठाऊक होतं, पण जायच्या घाईत सांगायचं राहिलं. कोरड्या लेंड्या पोटात तरंगल्या आणि त्यांचा जाड थर बसला. ज्योत पिवळी झाली, फडफडली आणि परवा विझली. अडीनडीला ठेवलेला सिलिंडर केव्हाच संपलाय आणि पाथर्डीहून दुसरा आणणारं घरी कोणी नाही. लंकाबाईंनी पुन्हा चूल पेटवली. आता डावा डोळाही लाल झाला आहे.

काल सविताचा फोन आला. लंकाबाई मागच्या दारात, माझ्याजवळच बसल्या होत्या.

“आत्या, गॅस चालू हाय ना?”

“चालू हाय. तू उसाकडं बघ.”

त्यांना पदरानं डोळा टिपताना दगडाबाईंनी पाहिलं. सुनेशी खोटं का बोललीस, म्हणून त्यांनी खडसावलं.

“मंग काय त्यांनी कोयता टाकून यावं?” लंकाबाई म्हणाल्या.

दगडाबाईंचा घुमट असाच उपाशी राहून, कोरडा पडून तडकला. त्याही आता चुलीवरच रांधतात. पण त्यांच्याकडं एक गाय आहे आणि तिचं शेण रोज उकिरड्यावर जातं. ते घेऊन जा, असं त्या म्हणाल्या, तेव्हा लंकाबाईंना हसू आलं.

“मला वाट दिसंना, अन तू गुडघं धरून चालती. दोघी मिळून एक गडी व्हत न्हाई.”

आत चूल धुमसत होती.

मित्रांनो, शाळेला जाताना तुम्ही त्याच उकिरड्यावरून जाता. पर्यावरणावरचे निबंध तुम्ही छान लिहिता. पण ते वाचून दाखवायला माझ्याकडं येऊ नका, तेवढा वेळ उरलेला नाही. एक पाटी ताजं शेण आणा. ते पाण्यात कालवा, कुंडीत सोडा आणि लांब काठीनं हलवा. ज्योत लगेच येणार नाही. उद्याही आणावं लागेल, परवाही.

मी तडकलो तर आसाराम गवंडी दुसरा घुमट बांधील. लंकाबाईंचा डावा डोळा कोणाला बांधता येणार नाही.