सान रोकेचे पाव

सान रोके या संताचा सण दुसऱ्या दिवसावर आला असताना बासिलिसाच्या भट्टीची कमान आत कोसळली. कुणाला लागलं नाही, पण तीनशे पाव भाजायचे होते आणि भट्टीत विटांचा ढीग पडला होता.

फुएन्तेरोयात हा सण पावाशिवाय होत नाही. प्लेगच्या साली कुणी कुणाच्या जवळ जायला धजत नव्हतं, तेव्हा टेकडीवरच्या चर्चच्या सज्जातून पाव खाली फेकून गाव जगवलं, असं म्हणतात. अजूनही सोळा ऑगस्टला तिथूनच पाव फेकतात. नवरा गेल्यापासून एकवीस वर्षं ते एकट्या बासिलिसाच्या हातचे होते.

"शहरातून मागवू या?" सून निएवेसने विचारलं.

"त्या कापसाच्या गाद्या? संताच्या मूर्तीपाशी बसलेला तो कुत्रासुद्धा हुंगणार नाही."

"मग घरोघरी भाजून घेऊ."

"अगं, या गावात पाव येतो कुणाला?"

"शिकवा की! पीठ तर मळलंयच तुम्ही."

पीठ खरंच फुगत चाललं होतं. त्याला थांब म्हणून सांगायची सोय नव्हती. दोघींनी ते व्हॅनमध्ये घातलं आणि दारोदार वाटलं. "सारखा ओव्हन उघडून पाव काय बघताय? पळून जातोय का तो?" बासिलिसा प्रत्येक स्वयंपाकघरात ओरडत होती.

"मावशी, मी जन्मात अंडंसुद्धा उकडलं नाही," विधुर गवंडी लेओन्सिओ म्हणाला.

"भिंत वाळेपर्यंत थांबतोस ना? तसाच थांब."

संध्याकाळी चर्चमध्ये पाव जमले. काही चपटे, काही वाकडे, काही खालून काळे. बासिलिसाचा चेहरा उतरला.

"हे माझ्या नावाने फेकायचे?"

"तुमच्या नावाने कशाला? गावाच्या," निएवेस सहज बोलून गेली.

ते बासिलिसाला फार लागलं. ती न जेवताच झोपली.

सकाळी सनई-ढोलाच्या गजरात मिरवणूक टेकडी चढली. बासिलिसाची जागा सज्जात, पाद्रीबाबांशेजारी. पायरीपाशी ती थांबली. "तू जा वर," तिने सुनेला सांगितलं आणि गर्दीत शिरली.

पाव उडू लागले. लोक टोप्या आणि ॲप्रन पसरून धावले. "हा माझा! करपलाय, ओळखला मी!" कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. एक पाव थेट बासिलिसाच्या छातीवर येऊन आदळला. तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. लहानपणानंतर तिने एकही पाव झेलला नव्हता.

अक्रोडाखाली लेओन्सिओ मसालेदार सॉसेज कापत बसला होता. तिने पाव मोडला, चकत्या घातल्या आणि घास घेतला.

"कसा झालाय?" त्याने भीत भीत विचारलं.

"कुणाचा का असेना, कच्चा नाही." ती चावत राहिली. "उद्या भट्टी बघायला ये. आणि पुढच्या वर्षी निम्मे पाव घरोघरचेच फेकायचे. पण आधी सगळ्यांनी माझ्याकडे शिकायला यायचं."

तेवढ्यात निएवेस धापा टाकत खाली आली. "आई, काल रात्रीपासून पोटात काही नाही तुमच्या!"

"खातेय ना! बस इथे," बासिलिसा म्हणाली आणि उरलेला अर्धा पाव तिने सुनेच्या हातात दिला.