गावरान बियाण्याची सीडी

“हरंल त्यानं बाशिंग बांधून बाजारातून मिरवायचं. हलगी लावून!” भुजंगनं टाळीसाठी हात पुढं केला.

तातेरावनं इतक्या जोरात टाळी दिली, की भुजंगच्या बियाण्याच्या दुकानात पोत्यावर झोपलेली मांजर उठून पळाली.

तातेरावचं कॅसेट-सीडीचं दुकान शेजारीच. भोकरदनात नवरदेवाचे बूट पळवायचे असले, की मेव्हण्या आधी त्याचा सल्ला घेत. पन्नाशी आली तरी खोड गेली नव्हती.

पैज पेटली ती वर राहणाऱ्या बेबीनंदामुळं. तिचा कॉम्प्युटर क्लास, आणि सगळ्या मशीनवर चोरून कॉपी मारलेली सॉफ्टवेअरं. अंबडला अशाच एका क्लासला टाळं लागल्याचं कळलं आणि तिची झोप उडाली. विकतची घेणं परवडणारं नव्हतं. शेवटी तिनं दारावर ‘क्लास बंद’ची पाटी लावून टाकली.

तातेरावनं औरंगाबादहून मुक्त सॉफ्टवेअरची एक सीडी आणली होती.

“हे घ्या, कॉपी मारा, इका, उघडून बदला. समदं चालतं. लायसनमध्येच लिवलंय.”

“कोन देतंय असं?” भुजंग हसला. “माझ्याकडची हायब्रीडची पिशवी नेली अन् पुढल्या साली त्याचंच बी ठेवून पेरलं, तर येतं का बराबर?”

“आन् तुझ्या मायच्या गाडग्यातलं गावरान बी?”

“ते येगळं. ते कुनीबी न्यावं, कुनालाबी द्यावं.”

“मंग हे तसलंच हाय.”

“बाजारात टोपलंभर इकून दाखव. पोलिसानं उचललं न्हाई आन् सांजेपोतर टोपलं रिकामं झालं, तर म्या हरलो.”

बेबीनंदा जिन्यात उभी राहून ऐकत होती.

“भाऊ, तुम्हाला कुणी धरलं न्हाई, तर मी क्लास परत उघडते,” ती म्हणाली.

बाजाराच्या दिवशी मिरच्यावाली आणि दोरखंडवाल्याच्या मध्ये तातेराव टोपलंभर सीड्या घेऊन बसला. लायसनचं इंग्रजी पान दुनिया न वाचताच ‘मान्य’ करून टाकते. त्यानं मात्र डिक्शनरी घेऊन ते वाचलं होतं. पाटीवर लिहिलं होतं, ‘वापरा. कॉपी करा. विका. बदला.’ आणि खाली, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, ‘ज्याला द्याल त्यालाही हेच हक्क द्या.’

पहिली सीडी बेबीनंदानं घेतली आणि गुपचूप निघून गेली.

मग हवालदार आला. भुजंग दुकानातून टाचा उंचावून बघू लागला. हवालदारानं पाटी वाचली, काठी टोपल्याला लावली.

“लायसन दाखव.”

तातेरावनं छापलेला कागद दिला. त्यावर शिक्का नव्हता, म्हणून हवालदारानं तो उलटासुलटा करून पाहिला. खुलासाही दोनदा करून घेतला.

“आमच्या पोरीला चालंल का ही?”

“बिलकुल चालंल, साहेब.”

एक सीडी खिशात घालून हवालदार पुढं गेला. भुजंगचं तोंड उतरलं.

पण दुपारनंतर गिऱ्हाईकच आटलं. माणसं हातात सीडी घेऊन समोरून जात होती, आणि ती याच्या टोपल्यातली नव्हती. स्टँडच्या तोंडाशी बेबीनंदा कॉपी मारलेल्या सीड्यांचं टेबल टाकून बसली होती.

“घेऊन जा, फुकट हाय! शिकायचं असलं तर क्लासला या!”

“अडव की तिला!” भुजंग हरखून धावत आला. “तुझाच माल फुकट वाटून राह्यली!”

तातेराव तरातरा गेला. बेबीनंदानं मान वर केली.

“पाटी तुमचीच ना, भाऊ?”

तो पाय ओढत परत आला.

दिवस मावळला तेव्हा टोपलं निम्मं भरलेलंच होतं. भुजंगनं स्वतःच्या हातानं त्याला बाशिंग बांधलं. हलगी कडाडली, सगळा बाजार गोळा झाला. तातेराव काखेत पाटी मारून, उरलेल्या सीड्या वाटत, अस्सल नवरदेवाच्या तोऱ्यात चालला.

बेबीनंदाच्या जिन्यापाशी वरात अडली. जिना नाव नोंदवायला आलेल्या पोरापोरींनी भरला होता. दारावरची ‘क्लास बंद’ची पाटी गेली होती.

भुजंगनं जिन्याकडं पाहिलं. मग तातेरावच्या काखेतल्या पाटीवरच्या मोठ्या अक्षरांकडं पाहिलं.

“तात्या, खरं सांग. ती वाटनार, हे तुला ठाऊक व्हतं का?”

तातेरावनं बाशिंग सरळ केलं.

“वाजव रे हलगी,” तो म्हणाला.