बिनसंवादाची भूमिका

देवेश परुळेकर रेमंड मिस्किटावर जळायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण तो स्वतः काही कबूल करणार नाही. त्याला विचारलंत तर तो रेमंडचं इतकं कौतुक करील, की ऐकणाऱ्यालाच संशय यावा.

तसा देवेश मूळचा नट. वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर कुटुंब चारकोपच्या सेक्टरात आलं, आणि हा पोरवयापासून कामगार रंगभूमीवर. आवाज असा, की ऐन प्रयोगात माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतून कधी कुणी ओरडलं नाही. मग घशात गाठ आली. गाठ साधी निघाली, पण ऑपरेशननंतर जे उरलं त्याला आवाज म्हणायचं ते आपलं सभ्यपणा म्हणून. नुसती खरखर, आणि तिच्यात मध्येच एक शिट्टी. नाटक सुटलं. काही महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला आणि मग उठून रेडिओसाठी लिहायला लागला.

लिहायला मात्र तो वस्ताद निघाला. कुठलं वाक्य तोंडात बसतं आणि कुठलं दातांत अडकतं, हे त्याला लिहितानाच कळायचं. पहिल्या श्रुतिकेनंतर दुसरी मागितली गेली, मग तासातासाची नभोनाट्यं, मग मालिका. आज रेडिओवर मराठी नाटक ऐकणारी जी काही माणसं शिल्लक आहेत, त्यांनी देवेशचं लिखाण ऐकलेलं असतंच. फक्त ती ते रेमंडच्या तोंडून ऐकतात. दुखणं नेमकं तिथे होतं.

रेमंड मरोळच्या गावठाणातला. आयुष्यात नाटकाला उभा राहिलेला नाही. चर्चमध्ये मराठी मिस्साला वाचन करायचा, ते कुणाच्या तरी कानावर पडलं आणि त्याला उचलून माइकसमोर आणलं. आवाज खोल, उच्चार स्वच्छ, आणि वर माणूस इतका भला की राग धरायला कुठे जागाच नाही. देवेश प्रत्येक वाक्य आधी मनातल्या मनात, आपल्या जुन्या आवाजात म्हणून बघायचा. प्रसारणाच्या दिवशी तेच वाक्य रेमंडच्या आवाजात यायचं आणि मनातल्यापेक्षा बरं वाटायचं. मेला निदान एकदा तरी चुकेल, म्हणून देवेश कान लावून बसायचा. तो चुकायचा नाही.

आणि घरात आई होती. वनमालाबाईंची नजर गेल्यापासून खिडकीतला रेडिओ हाच त्यांचा शेजार. मुलाची सगळी नाटकं त्या ऐकायच्या आणि ऐकून झालं की नेहमीचं बोलायच्या.

"काय तो आवाज! घरातलोच कोण बोलता असा वाटता."

"लिहिलंय मी, आये."

"तू लिवलंस ता बराच असतला रे. पण त्या रेमंडान म्हटल्यान म्हणान माझ्या डोळ्यांत पाणी इला."

एका रविवारी हे ऐकल्यावर देवेशच्या हातातला चहा तसाच निवला. वीस वर्षं ही बाई पहिल्या रांगेत बसून मुलाच्या नाटकांना टाळ्या वाजवत होती. आता तिला पाणी येतं ते रेमंडसाठी! त्याच संध्याकाळी त्याने ठरवलं, की याला एकदा दाखवायचंच.

रेडिओत आल्यावर देवेश सगळ्यात आधी एक गोष्ट शिकला होता. इथे जो बोलत नाही, तो नसतोच. रंगमंचावर कोपऱ्यात गप्प बसलेला म्हातारा अख्खं नाटक खाऊन टाकू शकतो. रेडिओवर चार मिनिटं गप्प राहिलात की ऐकणाऱ्यांच्या लेखी तुम्ही घर सोडून गेलात. म्हणून देवेशने असं नाटक लिहिलं, की ज्याचा नायक एक शब्दसुद्धा बोलत नाही. घशाचं ऑपरेशन झालेला एक बाप. मुलं, सुना, जावई त्याच्या देखत राहती खोली विकायचं ठरवतात, भांडतात, रडतात, आणि म्हातारा नुसता श्वास घेतो. लिहिताना त्याला इतका आनंद होत होता की जेवणाची शुद्ध राहिली नाही. आता दाखव म्हणावं तुझा खोल आवाज!

रेडिओसाठी ही नाटकं श्वेता करायची. गोरेगाव पूर्वेला तिचा छोटा स्टुडिओ होता. संहिता वाचून तिने लगेच फोन केला.

"देवेशदादा, नाटक झकास आहे. पण हिरोला एकपण वाक्य नाही? रेडिओवर?"

"तेच तर आव्हान आहे."

"मग एवढ्यासाठी रेमंडसर कशाला? ते मोठ्या मुलाचं काम करतील ना. आवाज वाया जाईल त्यांचा."

"बापाचं काम रेमंडच करणार," देवेश म्हणाला. "नाहीतर नाटक परत दे."

दुसऱ्या दिवशी रेमंडचा फोन आला. हा कुरकुर करणार, म्हणून देवेश तयारीत होता.

"देव्या, वाचलं रे," रेमंड म्हणाला. "काय लिहिलंयस यार! पण एक सांग, यात माझं नाव कुणी घातलं? हे तर तू स्वतःसाठी लिहिलंयस ना?"

देवेशने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणजे घसा तुझा, ऑपरेशन तुझं. आवाज लागतच नाही याला. मी श्वेताला सांगतो, देव्याच करेल. इतक्या वर्षांनी, साल्या!"

फोन ठेवून देवेश गॅलरीत आला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी भूमिका लिहिल्या, आणि त्यातली एकच अशी होती जी तो अजून स्वतः करू शकत होता. ती त्याने रेमंडचं नाक कापायला म्हणून रेमंडला देऊन टाकली होती. आणि त्या भल्या माणसाने ती परत केली, याचा तर त्याला आणखीच संताप आला. पण नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. आई ऐकेल, एवढं एकच त्याच्या मनात घोळत राहिलं. आई या वेळी मला ऐकेल.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून गेला. मुलं-सुना झालेली मंडळी आपापले कागद घेऊन एका माइकभोवती उभी राहिली. दुसऱ्या माइकपुढे एकट्या देवेशला खुर्ची दिली. रेमंड काचेपलीकडे श्वेताशेजारी बसला आणि त्याने तिथून अंगठा दाखवला.

प्रसंग सुरू झाला. मोठा मुलगा म्हणाला, 'बाबांना काय विचारायचंय? त्यांना कुठे बोलता येतं?' आणि देवेशने मान वर केली. हळूहळू, एकेकाच्या तोंडाकडे बघत. डोळे भरून आले. ओठ थरथरले. हात उचलला, अर्ध्यावर थांबला, मुठीत वळला. सुनेचं काम करणारी मुलगी त्याच्याकडे बघता बघता आपलं वाक्य विसरली. देवेशला आतून कळत होतं, जमतंय! अजून गेलेलं नाही!

प्रसंग संपला. काचेपलीकडे श्वेता बटणं तपासत होती.

"देवेशदादा," शेवटी श्वेता म्हणाली, "तुम्ही सुरू केलं नाहीत का?"

"म्हणजे? केलं की."

तिने ध्वनिमुद्रण ऐकवलं. मुलगा बोलला, सून बोलली, जावई ओरडला. मध्ये खुर्ची एकदा कुरकुरली. बाप कुठेच नव्हता.

रेडिओचा एवढा मोठा नाटककार, पण खुर्चीत बसल्याबरोबर त्याच्यातला जुना नट जागा झाला होता आणि त्याने सगळं काम चेहऱ्याने केलं होतं. नवशिक्या पोरांना याच चुकीबद्दल देवेशने किती झाडलं असेल! 'अरे, तुझे डोळे काय रेडिओतून दिसणार आहेत?' हे त्याचंच वाक्य. आता ती पोरं खाली मान घालून कागद चाळत होती, आणि देवेशला ते हसण्यापेक्षा वाईट वाटलं.

दुसऱ्या खेपेला त्याने श्वास घेतला, तर तो असा घेतला की श्वेताने कानावरचे हेडफोन्स काढले. तिसऱ्या खेपेला त्याला खोकलाच आला. मग तो उठला.

"रेमंड, तूच कर."

"अरे, होईल रे. बस जरा, पाणी पी."

"तू कर म्हटलं ना!"

रेमंड आत आला, चष्मा काढून ठेवला, आणि डोळे मिटून बसला. चेहरा कोरा, बस थांब्यावरच्या माणसासारखा. देवेशने काचेपलीकडे हेडफोन्स लावले. 'बाबांना काय विचारायचंय?' मोठा मुलगा म्हणाला. आणि देवेशच्या कानात एक बारीक शिट्टी वाजली. बोलायच्या आधी घशात श्वास अडकतो, तेव्हाची. मग गिळल्याचा आवाज. मग बोलणं सोडून देताना नाकातून निघतो तो आखूड 'हं'.

देवेशचा हात आपोआप स्वतःच्या गळ्यावर गेला. हा त्याचा श्वास होता. जशाचा तसा. इतकी वर्षं चहा पिताना, रिक्षात, रिहर्सलला हा माणूस शेजारी बसून आपल्याला ऐकत होता, आणि आपण समजत होतो की तो आपले संवाद पाठ करतोय! दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, की असं कान देऊन ऐकणारा मित्र मिळायला भाग्य लागतं. देवेशला वाटलं, चोर. शब्द नेलेस, आई नेलीस, आता एवढी खरखर उरली होती तीही नेलीस.

शेवटच्या प्रसंगात मुलं कागदावर बापाचा अंगठा घेतात. रेमंडने तिथे काहीच केलं नाही. फक्त चालू असलेला श्वास मध्येच थांबवला. श्वेता तोंडावर हात धरून रडत होती. देवेशने तिला रुमाल दिला आणि मस्त झालं म्हणाला. ते खरंच मस्त झालं होतं, आणि त्यामुळेच त्याला तिथे क्षणभर थांबवेना.

रविवारी सकाळी नाटक लागलं. देवेशने आईला कामं कुणाची आहेत ते सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नाही. ती रेडिओ मांडीवर घेऊन बसली. तो मुद्दाम आत वर्तमानपत्र वाचत राहिला. पण मधली भिंत ती केवढी. शिट्टी आलीच ऐकू.

थोड्या वेळाने आईने हाक मारली. तो बाहेर आला तर तिच्या डोळ्यांतून धार लागलेली.

"देवा, ह्या तू केलंस मां?"

"काय?"

"तो म्हातारो. माका सांगूक नको. माझ्या झिलाचो श्वास माका वळखाक येवचो नाय काय?" तिने चाचपडत त्याचा हात धरला. "कितक्या वर्सांनी आयकलंय रे तुका. त्या रेमंडाक असा जन्मात जमाचा नाय."

देवेशने तोंड उघडलं. घशात श्वास अडकला, त्याने गिळलं. खरं बोलायला दोन शब्द पुरले असते. आईचा हात त्याच्या हातात होता आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्या रांगेतलं ते जुनं हसू होतं, जे त्याला वाटलं होतं की आता कधी दिसायचं नाही.

"होय गे आये," तो म्हणाला. "मीच."

नाटक संपत आलं होतं. रेडिओवर आधी कलाकारांची नावं घेतात आणि लेखकाचं अगदी शेवटी. निवेदिका म्हणाली, 'सहभागी कलाकार...' आणि देवेशने हात लांब करून बटण फिरवलं.

"बंद कित्याक केलंस?" आई म्हणाली. "तुजा नाव सांगतले मां आता?"

"झाला सांगून," देवेश म्हणाला.