तांबड्या दोरीच्या दहाजणी

“मावशी, साध्या पाण्याने जंत कसे पडतील?” तेजस्वीने कपाळाला हात लावला.

कामणच्या टेकडीखालच्या गोठ्यात भागूबाईच्या वीस शेळ्या निवांत रवंथ करत होत्या. कुड्याच्या पाल्याचा अर्क शेळ्यांच्या जंतांवर चालतो का, यावर तेजस्वीचं कॉलेजात संशोधन चाललं होतं. हिरव्या दोरीच्या दहा शेळ्यांना रोज अर्क पाजायचा, तांबड्या दोरीच्या दहाजणींना नुसतं पाणी, आणि मग लेंड्यांतली जंतांची अंडी मोजायची. पाजायचं काम भागूबाईकडे होतं. आणि आज मोजणीत वीसही जणींची अंडी सारखीच कमी!

“सर म्हणतात, प्रयोग गुंडाळ. दोन वर्षं फुकट गेली माझी.” तेजस्वीने मोजणीची वही मिटली.

भागूबाईने पदराचं टोक उगाच पिळलं. तिला खोटं बोलता येत नसे, आणि गप्प बसणं तर त्याहून जमत नसे.

“बाय, मीच पाजलाय. सगल्यांना अर्धा अर्धा.”

“काय?”

“मग? एका पंगतीत दहाजनींना वाढायचा नि दहाजनींना नाय? माझ्या हातून नाय व्हयाचा!”

गावातल्या हळदी-लग्नांत वाढायला भागूबाई सगळ्यांत पुढे. तिच्या हातून पंक्तिप्रपंच झाल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. तेजस्वी आधी चिडली, मग डोळे पुसता पुसता हसत सुटली.

“अहो, सगळ्यांनाच दिलं तर गुण कुड्याचा की तुमच्या चाऱ्याचा, हे कळणार कसं? पुन्हा तीन आठवडे करू. मग तांबडीवाल्यांनाही देऊ. शप्पथ.”

आषाढात जंत वाढले तसा प्रयोग पुन्हा लागला. भागूबाईने ते तीन आठवडे काळजावर दगड ठेवून काढले. दहाजणींना पाणी पाजताना ती तोंड फिरवून घ्यायची.

बाविसाव्या दिवशी तेजस्वी नाचतच आली. हिरव्या दोरीवाल्यांचे जंत पडले होते, तांबडीवाल्यांचे तसेच होते. भागूबाईने आधी अर्काची बाटली घेऊन दहाजणींना पाजलं, मगच ती टेकली.

“मावशी, प्रबंधात तुमचे आभार मानणार हां मी.”

“माझं कशाला? मी नासवला तेवढा. या दहाजनींचं नाव घाल. औषदाचा गुन दिसला तो यांच्यामुलं. बिचाऱ्या तशाच ऱ्हायल्या.”

तेजस्वी हसणार होती, पण भागूबाईचा चेहरा पाहून तिने वही उघडली.

“सांगा.”

“लिव. कबरी. चांदी. मोरी...” एकेकीच्या पाठीवर हात ठेवत भागूबाई सावकाश सांगू लागली.