रियाचा शेवटचा दुधाचा दात

मी रियाचा शेवटचा दुधाचा दात बोलतोय. खरं तर दाढ. पण तिची आई शर्मिला आम्हा सगळ्यांना दातच म्हणायची. मालवणच्या किनाऱ्यालगत, तिच्याच घरावर, दोन कौलांच्या फटीत मी पडून आहे.

आमच्या अंगात झाडाच्या खोडासारख्या रेघा असतात. रियाच्या जन्माची रेघ माझ्यात आहे. आई गेली त्याची मात्र नाही. तोवर मी घडून झालो होतो.

वासरू जन्मतं त्याच दिवशी उभं राहतं. माणसाच्या पोराला चालायलाच वर्ष लागतं. लाखो वर्षांत माणसाचं डोकं मोठं होत गेलं, शिकायचं वाढलं, तसं बाळपणही लांबलं. पण एका अटीवर: तोवर भरवणारं, सांभाळणारं कोणीतरी हवं. आमच्या घरात ती अटच मोडली.

रियाचा पहिला दात पडला तेव्हा शर्मिलाने तो कौलांवर फेकायला लावला. "उंदरा उंदरा, माझो दात घे, तुझो दात माका दी," असं म्हणवून घेतलं. मग लेकीला जवळ ओढून म्हणाली, "दुधाचो दात तोंडात आसा तवसर तू माझा बाळच."

पुढे तापाचं निमित्त होऊन शर्मिला गेली. मागे रियाचा तान्हा भाऊ लवू. बाप जितेंद्र मासेमारीच्या होडीवर जाणारा. माणूस वाईट नाही, पण त्याने हात टेकले होते. बायकोचंच बोलणं त्याने उलटं धरलं: शेवटचा दुधाचा दात पडला की रियाची शाळा बंद, लवू तिच्याकडे.

तेव्हापासून पोर मला जिवापाड जपू लागली. दुसऱ्याच बाजूने चावायची, कैरीला तोंड लावायची नाही. मीही चिकटून राहिलो. पण खालून नवा दात वर येत होता, त्याला काय सांगणार?

एके सकाळी पेज जेवताना मी सुटलो. रियाने मला बोटाने परत जागेवर दाबलं. पुन्हा दाबलं. ओठांवर रक्त आलं.

"पडलो?" बापाने विचारलं.

"नाय. नुसतो हलता."

तेवढं बोलताना मी तिच्या तोंडातून ताटलीत पडलो.

जितेंद्रने ताटलीत पाहिलं. मग त्याने लवूला उचलून तिच्या कडेवर दिलं.

तिने मला कौलांवर फेकलं, पण उंदराला हाक मारली नाही. तिला नवा दात नकोच होता.

आता शाळेची पोरं रस्त्याने जातात तेव्हा ती लवूला घेऊन दारात उभी असते. तुमच्या घरी कोणाचा दात पडला, तर तो खुशाल फेका; पण 'मोठी झालीस' म्हणायची घाई करू नका.

उंदीर अजून आलेला नाही. त्याला कोणी बोलावलंच नाही.