डावी भुवई

उस्तादांनी चेनसॉच्या कार्बोरेटरचा शेवटचा बोल्ट आवळला आणि बोटांचं तेल सवयीने विजारीला पुसलं. जुना काढून लावलेला हा कार्बोरेटर दुप्पट मोठ्या मशीनचा होता. तोंड जुळेना, म्हणून मधला तुकडा त्यांनी स्वतः कानशीने घासून केला होता. अशा जोडाजोडीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

"अहो उस्ताद, शेळीला घोड्याची फुप्फुसं बसवलीत!" वखारवाला म्हणाला.

"पळायला लागली की टोपी सांभाळा म्हणजे झालं."

वखारीच्या मैदानात ओंडके मांडून झाले होते. चेनसॉने लाकूड कापायच्या शर्यतीत उस्तादांची लेक आज पहिल्यांदाच उतरत होती.

उरला होता एक स्क्रू. इंजिनाला पेट्रोल किती जायचं ते तो ठरवतो. जास्त गेलं तर मशीन रेंगाळतं. कमी गेलं तर किंचाळतं, बघे खूश होऊन टाळ्या पिटतात आणि भर शर्यतीत पिस्टन जळून बसतो. मधला सूर कानानेच पकडायचा.

आणि तिथेच तर घोडं अडलं होतं. जन्मभर मशीनं वाजवून उस्तादांचे कान कामातून गेले होते. बोलणं जेमतेम कळे, बारीक सूर तर मुळीच नाही. पण त्यांनी कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. स्क्रू फिरवताना ते लेकीच्या तोंडाकडे बघत. सूर चढला की तिची डावी भुवई वर जाई, जमला की खाली येई. पोरीला बिचारीला काही ठाऊक नाही, असं ते समजून चालले होते.

त्यांनी दोरी ओढली. मशीन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. स्क्रूड्रायव्हर टेकवून त्यांनी मान वर केली. लेक हेल्मेट घालून तयार उभी होती. कानांवर टोपणं, तोंडावर काळी जाळी. भुवई कुठेच दिसेना.

त्यांनी अंदाजाने स्क्रू थोडा आत घेतला. मैदानात बघे टाळ्या पिटताना दिसले. म्हणजे किंचाळतंय की काय? मशीन जळलं तर पोरीची पहिलीच शर्यत मातीत जाणार. विचारावं, तर एवढा उस्ताद चारचौघांत बहिरा ठरणार. त्यांच्या कपाळाला घाम फुटला.

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. टोपणं मागे सारली, जाळी उचलून कपाळावर ठेवली आणि डावी भुवई वर केली. चांगली वर, अगदी नाटकातल्यासारखी.

म्हणजे पोरीला सगळं ठाऊक होतं तर! उस्तादांना हसू आलं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर तिच्यापुढे धरला.

"घे. भुवई बघून लावण्यापेक्षा कानाने लावलेलं बरं."

तिने वाकून स्क्रू हळूच बाहेर घेतला, पुन्हा किंचित आत. भुवई जागेवर आली. तिने मशीन बंद केलं.

"वा, उस्ताद! काय सूर लावलात!" वखारवाला म्हणाला.

"मी कुठला लावतोय!" उस्ताद ओरडले, बहिरी माणसं ओरडतात तसे. "मला ऐकूच येत नाही! माझ्या लेकीने लावलाय, लेकीने!"

सगळं मैदान वळून बघायला लागलं. लेकीने घाईघाईने जाळी खाली ओढली.